ना हरकत दिली ती डागडुजीला, हॉलला नाही

प्रश्न : ठाण्यात खारकर आळीत आजोबांचा लाकडी वाडा आहे. डागडुजीसाठी म्हणून चुलतभावाने माझ्याकडून स्टँप पेपरवर ना हरकत घेतली. आता तिथे हळदी, साखरपुडे, फोटोशूट चालतात. मला पैही मिळत नाही. तो म्हणतो, ‘तू सही केलीस, शिवाय लग्न होऊन गेलीस.’ मिळकत पत्रिकेवर काका आणि माझे दिवंगत वडील, दोघांची नावं आहेत. आई हयात नाही, मी एकुलती एक.

उत्तर : ताई, त्या कागदाची धास्ती आधी सोडा. स्थावर मिळकतीतला हिस्सा सोडायचा तर हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं. नोंदणी अधिनियम, १९०८ तसं सांगतो. तुमची ना हरकत कौलं-वासे बदलण्यापुरती होती. तिच्यातून ना हक्क सुटतो, ना धंद्याला परवानगी मिळते. त्याची प्रत मात्र आजच मागून घ्या, शब्द नेमके काय आहेत ते पाहायला हवेत. लग्नाचा मुद्दा तर निव्वळ दमदाटी आहे. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ नुसार मुलगी वडिलांची पहिल्या वर्गातली वारस, लग्न झालेलं असो वा नसो. वारस नोंदीचा अर्ज सिटी सर्व्हे कार्यालयात लगेच द्या.

वापर बदलायला महापालिकेची परवानगी लागते. ती घेतली आहे का, वाडा वारसा वास्तूंच्या (हेरिटेज) यादीत आहे का, हे माहिती अधिकारात शहर विकास विभागाला विचारा. मला खरी काळजी आगीची वाटते. जुनं सागवान, वर दिव्यांच्या माळा, खाली केटरिंगच्या शेगड्या. २००६ च्या महाराष्ट्र अग्निप्रतिबंधक कायद्यात जबाबदारी मालकावरही येते, म्हणजे तुमच्यावरही. आगीपासून बचावाची यंत्रणा नीट चालू असल्याचं, जानेवारी आणि जुलैत द्यायचं ‘ब’ प्रमाणपत्र दाखवायला भावाला नोटिशीतूनच सांगा. त्याच नोटिशीत उत्पन्नाचा हिशेब मागा आणि या वापराला तुमची संमती नाही, हे स्पष्ट लिहा. रात्री दहानंतर अंगणात स्पीकर वाजला तर ११२ वर कळवा.

वाटणीचा दावा घाईने लावू नका. वाड्याचे सरळ तुकडे पडत नसतील तर १८९३ च्या वाटणी कायद्याखाली निम्म्या हिश्श्याचे मालक विक्री मागू शकतात. कोर्टाने ठरवलेल्या किमतीला त्यांचा हिस्सा विकत घ्यायचा अधिकार तेव्हा तुम्हाला असतो, पण तेवढी रक्कम उभी करावी लागेल. वाडा टिकावा असं वाटत असेल तर नोटिशीनंतर आधी बोलणी करा : अर्धं उत्पन्न, पाहुण्यांच्या संख्येवर मर्यादा, ढाच्याला हात न लावण्याची अट, आणि हे सगळं नोंदणीकृत करारात. तोपर्यंत नव्या कुठल्याही कागदावर सही करू नका.