वाचकांचे प्रश्न : अ‍ॅडमिरल सिम्स यांची कारकीर्द

पहिल्या महायुद्धातील पाणबुड्यांविषयीच्या आमच्या लेखात अमेरिकी अ‍ॅडमिरल विल्यम साउडन सिम्स यांचा ओझरता उल्लेख आला होता. त्यांच्याविषयी अधिक माहिती विचारणारी बरीच पत्रे आली. सारखे प्रश्न एकत्र करून येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : सिम्स यांचा जन्म कॅनडातला असल्याचे वाचले. मग ते अमेरिकी नौदलात कसे गेले आणि महायुद्धापूर्वी त्यांनी काय केले होते?

उत्तर : त्यांचा जन्म १५ ऑक्टोबर १८५८ रोजी कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात पोर्ट होप या गावी झाला, हे खरे आहे. त्यांचे वडील मात्र अमेरिकी अभियंते होते आणि सिम्स लहान असतानाच हे कुटुंब पेनसिल्व्हेनियात राहायला आले. अ‍ॅनापोलिसच्या नौदल अकादमीतून १८८० मध्ये ते बाहेर पडले. त्यानंतरची बरीच वर्षे नेहमीच्या समुद्रसेवेत गेली, त्यांविषयी फार सांगण्यासारखे नाही. कारकिर्दीला खरे वळण मिळाले ते १८९७ मध्ये, पॅरिसच्या वकिलातीत नौदल प्रतिनिधी म्हणून नेमणूक झाल्यावर. युरोपातील आरमारांची जहाजे, चिलखते आणि तोफा बारकाईने पाहून त्यांचे अहवाल वॉशिंग्टनला पाठवणे हे त्यांचे काम होते. १८९८ च्या अमेरिका-स्पेन युद्धात तेथूनच त्यांनी स्पॅनिश आरमाराच्या हालचालींची गुप्त माहितीही गोळा केली. परकी जहाजे पाहून तयार झालेली ही नजर घेऊन ते १९०० च्या अखेरीस चीनच्या समुद्रातील ‘केंटकी’ या युद्धनौकेवर रुजू झाले, तेव्हा आपल्याच नव्या कोऱ्या जहाजातील उणिवा त्यांना खटकू लागल्या. तोफा पाण्याच्या पातळीच्या फार जवळ बसवलेल्या होत्या आणि तोफांच्या बुरुजांना शत्रूचा गोळा सहज आत शिरेल एवढी मोठी भोके होती. याच मुक्कामात हाँगकाँगच्या बाजूला त्यांची ब्रिटिश कप्तान पर्सी स्कॉट यांच्याशी ओळख झाली.

प्रश्न : नौदलाच्या नेमबाजीत सिम्स यांनी क्रांती केली असे म्हणतात. तोफा आधीही होत्या, दुर्बिणीही होत्या. मग बदलले काय?

उत्तर : प्रश्न अगदी मर्माचा आहे, म्हणून उत्तर थोडे सविस्तर देतो. समुद्रावर जहाज सतत डोलत असते. जुन्या पद्धतीत तोफची लक्ष्याच्या अंतराप्रमाणे तोफेचा कोन एकदा ठरवून ठेवत असे आणि जहाज डोलता डोलता नेम लक्ष्यावर आला की बार उडवत असे. नेम जुळल्याचे डोळ्याने टिपणे आणि हाताने बार उडवणे यांत क्षणभराचे अंतर पडतेच आणि तेही प्रत्येक माणसाचे वेगळे. शिवाय जहाजाच्या एका हेलकाव्यात एखादाच बार निघणार. १८९९ साली अमेरिकी आरमाराच्या पाच जहाजांनी सुमारे १,६०० यार्डांवरील एका जुन्या जहाजावर प्रत्येकी पाच मिनिटे मारा केला, तेव्हा पंचवीस मिनिटांत दोनच गोळे लागले आणि तेही शिडांना. त्याच्या आदल्या वर्षी क्यूबातील सँटियागोच्या लढाईत अमेरिकेने स्पॅनिश आरमार पुरते बुडवले होते, पण तेथेही सुमारे ९,५०० गोळ्यांपैकी १२१ च लागल्याचे नंतर मोजले गेले. विजयाच्या आनंदात हे प्रमाण कोणी मनावर घेतले नाही.

पर्सी स्कॉट यांनी १८९८ मध्ये आपल्या ‘सिला’ या जहाजावर पाहिले, की सगळ्या तोफच्यांत एकाचाच नेम इतरांपेक्षा पुष्कळ चांगला आहे. नीट निरखल्यावर कळले, की हा गडी जहाज डोलेल तसतसे कोनाचे चाक नकळत फिरवून नेम लक्ष्यावर धरून ठेवत होता. सगळ्यांना तसे करता यावे म्हणून स्कॉट यांनी चाकाच्या दात्यांचे प्रमाण बदलून ते हलके फिरेलसे केले, तोफ मागे धडकली तरी डोळ्याला इजा होणार नाही अशा जागी दुर्बीण बसवली आणि बंदरात उभ्या जहाजावरही सराव करता यावा म्हणून हलते छोटे लक्ष्य असलेले एक साधे उपकरण तयार केले. यातली एकही वस्तू नवी नव्हती. ती कशी जुळवायची एवढेच नवे होते. सिम्स यांनी हे पाहिले, ‘केंटकी’वर वापरून पाहिले आणि आकड्यांनिशी एकामागून एक अहवाल वॉशिंग्टनला धाडले.

प्रश्न : या अहवालांचे काय झाले?

उत्तर : आधी काहीच नाही. ते दप्तरात गेले आणि पुढे केव्हातरी बाहेर काढले तेव्हा त्यांतले काही झुरळांनी कुरतडलेले निघाले. सिम्स यांनी भाषा कडक केली आणि प्रती इतर अधिकाऱ्यांनाही धाडल्या, तेव्हा तोफखाना विभागाला उत्तर देणे भाग पडले. अमेरिकी यंत्रसामग्री ब्रिटिशांइतकीच चांगली आहे, दोष असेल तर तोफच्यांच्या शिक्षणात आहे आणि नेम सतत धरून ठेवणे तर शक्यच नाही, असे ते उत्तर होते. शेवटच्या मुद्द्यासाठी विभागाने प्रयोगही केला होता. वॉशिंग्टनच्या नौदल कारखान्यात घट्ट जमिनीवर तोफ ठेवून, जहाज डोलण्याच्या वेगाने ती वरखाली करायला माणसे लावली. पाच जणांनाही ते साधले नाही, म्हणून हे अशक्य, असा निष्कर्ष काढला.

प्रयोगातली चूक भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यालाही सापडेल अशी आहे. जमिनीवर स्थिर असलेली अवजड तोफ हलवायची असते. समुद्रावर जहाज हलते आणि तोफेचे वजन तिला आहे त्या दिशेला टिकवू पाहते. हेलकावे खाणाऱ्या बैलगाडीत बसलेला माणूस हातातला पाण्याचा भरलेला तांब्या सावरतो, तसे तोफच्याला फक्त सावरायचे असते, उचलायचे काही नसते. प्रयोग प्रामाणिकपणे केला होता, आकडेही खरे होते. पण ते आकडे ज्या जागी घेतले, ती जागाच चुकीची होती. सिम्स यांच्या कारकिर्दीकडे पाहताना मला हा प्रसंग सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण त्यांचे पुढचे जय आणि पराजय दोन्ही याच कसोटीवर उभे आहेत : आकडा कुठे मोजला आणि कसा मोजला.

प्रश्न : एका कनिष्ठ अधिकाऱ्याने थेट राष्ट्राध्यक्षांना पत्र लिहिले, ही शिस्तीची पायमल्ली नव्हे काय? आणि शिक्षा कशी झाली नाही?

उत्तर : पायमल्ली होतीच आणि सिम्स यांनाही ती ठाऊक होती. नोव्हेंबर १९०१ मध्ये, लेफ्टनंट या हुद्द्यावर असताना, वरिष्ठांची सारी उतरंड ओलांडून त्यांनी थिओडोर रूझवेल्ट यांना पत्र पाठवले. रूझवेल्ट त्याच वर्षी सप्टेंबरात राष्ट्राध्यक्ष झाले होते आणि त्याआधी १८९७-९८ मध्ये नौदल खात्याचे सहायक मंत्री होते, त्यामुळे खाते कसे चालते हे त्यांना आतून माहीत होते. त्यांनी सिम्स यांना लिहीत राहण्यास सांगितले आणि १९०२ मध्ये वॉशिंग्टनला बोलावून नेमबाजी सरावाचे निरीक्षक नेमले. या पदावर सिम्स १९०९ पर्यंत होते. पद्धत लागू झाल्यावर काही वर्षांतच, १८९९ च्याच अंतरावरून, एका तोफच्याने एका मिनिटात पंधरा गोळे लक्ष्यावर मारले आणि त्यांतले निम्मे मध्यभागीच्या पन्नास इंच चौरसात बसले. इतका उघड पुरावा हाती असल्यावर शिक्षेची भाषा कोण करणार?

पण वरचा माणूस ऐकणारा असला तरच हे जमते, हेही नोंदवले पाहिजे. डिसेंबर १९१० मध्ये लंडनच्या गिल्डहॉलमध्ये बोलताना, ब्रिटिश साम्राज्यावर संकट आले तर समुद्रापलीकडचे तुमचे आप्त शेवटच्या डॉलरपर्यंत आणि रक्ताच्या शेवटच्या थेंबापर्यंत साथ देतील, अशा अर्थाचे उद्गार सिम्स यांनी काढले. गणवेशातील अधिकाऱ्याने आपल्या देशाचे परराष्ट्र धोरण परस्पर जाहीर करून टाकले होते. तोवर राष्ट्राध्यक्षपदी आलेल्या टाफ्ट यांनी त्यांना जाहीर समज दिली. माझ्या मते ती योग्यच होती. नेमबाजीच्या वेळी सिम्स स्वतः मोजलेले सांगत होते. गिल्डहॉलमध्ये मात्र त्यांनी साऱ्या राष्ट्राच्या वतीने वचन दिले आणि तसा अधिकार त्यांना कोणी दिलेला नव्हता.

प्रश्न : १९१७ मध्ये जहाजांचे काफिले सुरू करण्याचे श्रेय सिम्स यांना द्यावे काय?

उत्तर : वाटा द्यावा, सगळे श्रेय देऊ नये. मार्च १९१७ अखेर त्यांना साध्या वेशात, खोट्या नावाने ‘न्यूयॉर्क’ या प्रवासी जहाजातून इंग्लंडला धाडण्यात आले. ते वाटेत असतानाच, ६ एप्रिलला, अमेरिकेने युद्ध पुकारले आणि लिव्हरपूलजवळ पोचता पोचता त्यांचे जहाज सुरुंगावर आदळले. उतारू सुखरूप उतरले. लंडनमध्ये ब्रिटिश नौदलाचे प्रमुख अ‍ॅडमिरल जेलिको यांनी जर्मन पाणबुड्यांमुळे बुडालेल्या जहाजांचा जो तक्ता त्यांच्या हाती दिला, तो वर्तमानपत्रांत छापून येणाऱ्या आकड्यांच्या कितीतरी पुढचा होता. फेब्रुवारी आणि मार्चमध्ये मिळून अकरा लाख टनांच्या आसपास जहाजे गेली होती आणि एकट्या एप्रिलचा अंदाज नऊ लाख टनांच्या जवळ होता. हे असेच चालले तर युद्ध लढवणे अशक्य आहे, असे जेलिको यांनी शांतपणे सांगितल्याचे सिम्स यांनी पुढे लिहिले आहे.

व्यापारी जहाजांचा काफिला करून त्याला विनाशिकांचे, म्हणजे लहान वेगवान युद्धनौकांचे, संरक्षण द्यावे, ही कल्पना तेव्हा ब्रिटिश नौदलातही काही तरुण अधिकारी मांडत होते. विरोधकांचा मोठा आधार होता तो बंदरांतील दर आठवड्याच्या सुमारे अडीच हजार ये-जांचा. इतक्या जहाजांना संरक्षण द्यायचे कोठून? कमांडर रेजिनाल्ड हेंडरसन यांनी खोलात शिरून दाखवले, की त्या आकड्यात किनाऱ्याकिनाऱ्याने फिरणारी लहान जहाजेही धरलेली आहेत आणि महासागर ओलांडणारी खरी जहाजे आठवड्याला दीडशेच्याही आतच आहेत. एप्रिल संपण्यापूर्वी ब्रिटिश नौदलाने काफिल्याला मान्यता दिली आणि १० मे रोजी पहिला प्रायोगिक काफिला जिब्राल्टरहून निघाला.

सिम्स यांचे काम यापेक्षा वेगळे आणि माझ्या मते अधिक अवघड होते. काफिल्याला लागणाऱ्या विनाशिका ब्रिटनकडे पुरेशा नव्हत्या आणि वॉशिंग्टनमधील वरिष्ठांना आपली जहाजे आपल्याच किनाऱ्यावर हवी होती. सिम्स यांनी तारांवर तारा पाठवून खरी स्थिती गळी उतरवली. ४ मे रोजी कमांडर टॉसिग यांच्या नेतृत्वाखाली पहिल्या सहा विनाशिका आयर्लंडच्या क्वीन्सटाउन बंदरात आल्या आणि उन्हाळा संपेपर्यंत तेथील संख्या तीसच्या वर गेली. त्या जहाजांवर स्वतंत्र अमेरिकी झेंड्याचा मान मिरवण्याऐवजी सिम्स यांनी ती ब्रिटिश अ‍ॅडमिरल लुइस बेली यांच्या हुकमतीखाली दिली. बेली हे तुसडे म्हणून प्रसिद्ध होते. त्यांच्याशी सिम्स यांची इतकी गट्टी जमली, की जूनमध्ये बेली काही दिवस रजेवर गेले, तेव्हा त्या तळावरील ब्रिटिश जहाजांसह सारी सूत्रे त्यांनी सिम्स यांच्याकडे सोपवली. युद्ध संपताना युरोपच्या समुद्रात सिम्स यांच्या हाताखाली सुमारे ३७० नौका होत्या.

प्रश्न : एवढे सारे करून त्यांनी पदक का नाकारले?

उत्तर : डिसेंबर १९१९ मध्ये नौदलमंत्री जोसेफस डॅनियल्स यांची पदकांची यादी जाहीर झाली. पदकांसाठीच्या मंडळाने केलेल्या शिफारशी मंत्र्यांनी बदलल्या होत्या आणि ज्यांची जहाजे बुडाली अशा काही कप्तानांना, उत्तम काम केलेल्या अधिकाऱ्यांहून वरचे पदक मिळाले होते. सिम्स यांनी आपले पदक घेण्यास नकार दिला आणि जानेवारी १९२० मध्ये खात्याच्या युद्धकाळातील दिरंगाईवर सविस्तर पत्र लिहिले. सिनेटच्या उपसमितीपुढे काही महिने सुनावणी चालली. खाते युद्धासाठी तयार नव्हते आणि पहिल्या महिन्यांत वेळ दवडला, हे सिम्स यांनी कागदपत्रांनिशी दाखवले. मात्र या दिरंगाईमुळे पाच लाख प्राण, पंचवीस लाख टन जहाजे आणि पंधरा अब्ज डॉलर अधिक गेले, हा त्यांचा दावा टिकण्यासारखा नव्हता. हे आकडे अनुमानावर आधारलेले होते आणि डॅनियल्स यांच्या बाजूने नेमके त्यांवरच बोट ठेवले. शेवटी समितीचे मतही पक्षनिहाय दुभंगले. ज्या माणसाने नेमबाजीत एकेक गोळा मोजून खात्याला नमवले, त्यानेच असा ढोबळ हिशेब मांडावा, याचे मला आजही वाईट वाटते, कारण त्यांचा मूळ मुद्दा त्याविनाही पुरेसा भक्कम होता.

प्रश्न : युद्धानंतर त्यांनी काय केले? ते अ‍ॅडमिरल म्हणूनच निवृत्त झाले का?

उत्तर : न्यूपोर्टच्या नौदल युद्ध महाविद्यालयाचे ते १९१९ पासून निवृत्तीपर्यंत अध्यक्ष होते. तेथील पटावरच्या सराव-युद्धांत विमानवाहू जहाजांना त्यांनी जागा दिली आणि पुढची प्रमुख युद्धनौका हीच असेल, असे पुढे जाहीरपणे सांगितले. मोठ्या तोफांच्या युद्धनौकांसाठी १९०६ मध्ये माहान यांच्यासारख्या नौदलशास्त्राच्या अमेरिकी पंडिताशी वाद घातलेल्या अधिकाऱ्याने हे म्हणावे, याला मोठे मोल आहे. १९२१ मध्ये लंडनमधील आणखी एका भाषणात आयरिश प्रजासत्ताकवाद्यांच्या अमेरिकी पाठीराख्यांवर कडक टीका केल्याने त्यांना परत बोलावून पुन्हा समज देण्यात आली. ऑक्टोबर १९२२ मध्ये ते निवृत्त झाले, पण युद्धकाळातील अ‍ॅडमिरल हा हुद्दा तात्पुरता असल्याने रिअर अ‍ॅडमिरल म्हणून. निवृत्तांच्या यादीत अ‍ॅडमिरल हा हुद्दा त्यांना १९३० मध्ये मिळाला. २८ सप्टेंबर १९३६ रोजी बोस्टन येथे त्यांचे निधन झाले.