बँग नको, धाडकन!

प्रश्न असा आहे: लहान मुलांची गोष्ट मराठीत लिहिताना 'बँग', 'थड', 'क्रॅश', 'स्प्लॅश' हे पडण्या-आपटण्याचे आवाज तसेच ठेवले तर काय बिघडलं? कार्टून बघून मुलं तेच तर बोलतात.

ठेवू नयेत असं मला वाटतं. सोवळंओवळं म्हणून नव्हे, वाक्य लंगडं होतं म्हणून. 'दार बँग झालं' नाहीतर 'बँग करून लागलं' म्हणावं लागतं. मराठीत दार सरळ धाडकन आपटतं. 'कन' लागला की आवाज थेट क्रियापदाला जाऊन भिडतो, 'झालं', 'करून' यांची कुबडी लागत नाही. मोल्सवर्थच्या १८५७च्या मराठी-इंग्रजी कोशात अशा शब्दांना कन, कर, दिनीं, दिशीं अशी शेपटांची रांगच जोडलेली दिसते. त्यातलं 'दिशी' गावाकडे अजून ऐकू येतं: धाडदिशी पडला.

शिवाय काय पडलं तेही आवाजातच कळतं. नारळ मातीत धप्प पडतो, काच खळ्ळकन फुटते, फांदी काडकन मोडते, पिकला टोमॅटो पचकन फुटतो. स्टीलची वाटी खणकन पडते आणि मग खणखणत फरशीभर फिरते. विहिरीत खडा डुबुक, पोराची उडी धबकन. इंग्रजीतही खड्यासाठी वेगळा 'प्लॉप' आहे, पण आपल्याकडे पोचला तो एकटा 'स्प्लॅश', आणि सगळ्या पाण्यावर तोच!

किती पडलं याचाही हिशेब शब्दातच असतो. एक थेंब टपकन, गळक्या नळाचे टपटप. वळवाचं वारं सुटलं की आंबे बदाबदा. एक कैरी पडली तर बदकन. तिथे बदाबदा कुणी म्हणणार नाही.

एक मात्र सांभाळा. पटकन, चटकन, झटकन यांतला आवाज कधीच विरून गेलाय, उरली आहे ती घाई. 'पटकन पडला' लिहिलंत तर कानाला काहीच ऐकू येणार नाही. 'खाडकन' अर्ध्या वाटेवर आहे: खाडकन कानाखाली वाजते तेव्हा आवाज असतो, खाडकन जाग येते तेव्हा नसतो.

'क्लिक' आणि 'बीप' मात्र खुशाल ठेवा. ते आवाज यंत्रांबरोबरच आले. माउसला 'खट्ट' करायला लावणं हास्यास्पद होईल. गोष्टीतलं पोरच 'बूम!' म्हणून ओरडत असेल तर तेही ओरडू दे.

चित्रातल्या फुग्यात क्रियापद नसतं, तिथे 'कन' काढून नुसतं धाड!, धप्प!, खळ्ळ! लिहावं. भांडं जिन्यावरून गडगडत येत असेल तर हात आखडू नका. कालिदासाच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या एका समस्यापूर्तीत (म्हणजे दिलेल्या चरणावरून पुऱ्या केलेल्या श्लोकात) सोन्याचा घडा पायऱ्यांवरून 'ठं ठठं ठं ठठठं' करत उतरतो, आणि श्लोकाचा अख्खा शेवटचा चरण त्यातच जातो.

आणि हो, 'धाडकन्' असा पाय मोडलेला न् जुन्या पुस्तकांत दिसतो. आता पूर्ण 'न' लिहितात.