सिरिंज आजोबांच्या हातात दे

प्रिय बाळा,

तुझी केस स्टडी काल रात्री वाचली. मधुमेहाचे आजोबा, पायाला जखम, नव्यानेच सुरू झालेलं इन्सुलिन. नर्सिंगमधला ओरेमचा स्व-काळजीचा सिद्धांत घेतलास, बरं केलंस. पण रकान्यांत पाहावं तिथे ‘परिचारिका करेल’. इन्सुलिन परिचारिका देईल, पाय परिचारिका पुसेल, जखमेवर लक्षही तीच ठेवेल. अगं, मग आजोबा काय करतील?

डोरोथिया ओरेमने १९७१च्या पुस्तकात मांडलं ते असं: माणूस एरवी स्वतःची काळजी स्वतःच घेतो, तो जिथे कमी पडतो तिथे आपलं काम सुरू होतं. बेशुद्ध असेल तर सगळं आपण करायचं. ऑपरेशननंतर थोडं त्याने, थोडं आपण. आणि तिसरा प्रकार म्हणजे करायचं त्यानेच, आपण शिकवायचं नि पाठीशी राहायचं. व्हायवाला तू हे घडाघड सांगशील. वॉर्डात मात्र हात आवरत नाहीत, कारण शिकवायला वीस मिनिटं जातात आणि टोचायला अर्धं मिनिट.

मीही तेच केलंय. नोकरीला नवी असताना एका काकांना दहा दिवस रोज इन्सुलिन दिलं. डिस्चार्जच्या दिवशी तोंडी समजावलं, त्यांनी मान डोलावली. पंधरवड्यात परत दाखल, साखर भडकलेली. घरी एकदाही टोचलं नव्हतं. म्हणाले, “सिस्टर, तुम्ही टोचायचात तेव्हा मी डोळे मिटून घ्यायचो.”

म्हणून उद्या सिरिंज आजोबांकडे दे. बाटली ४०ची, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट इन्सुलिनची असेल तर सिरिंजही ४०ची, लाल टोपणाची. त्याच बाटलीतून नारिंगी टोपणाच्या १००च्या सिरिंजमध्ये २०च्या खुणेपर्यंत भरलं, तर जातात फक्त ८ युनिट. दोन्ही शेजारी ठेवून दाखव.

राहणीमान, घरची माणसं, परिसर हेही ओरेम बघायला सांगते. तू ते ‘लालबाग, चाळ’ एवढ्यावर आटपलंस, आणि मला विचारशील तर खरी केस तिथेच आहे. संडास गॅलरीच्या टोकाला. रात्री उठल्यावर पायात चप्पल असते का? पाय बधिर असेल तर टाचणी रुतली तरी कळायची नाही. तळवे बघायला वाकता येतं, की आरसा लागेल? फ्रीज नसेल तर बाटली कोरड्या डबीत घट्ट बंद करून माठात ठेवता येते, हे सुनेला सांगितलंस का? पाणी पहाटे येतं. त्या धांदलीत टोचून झालं आणि चहा-चपाती तासाभराने मिळाली, तर साखर उतरून घेरी येईल. घरात आधी काय होतं, नंतर काय, ते विचारून वेळ ठरव.

शेवटच्या रकान्यात ‘समजावले’ लिहू नकोस. आजोबांनी आपल्या हाताने कधी टोचलं ती तारीख लिही. पहिल्यांदा हात थरथरेल, सुई काढून घेऊ नकोस.

आणि हो, त्यांचा चष्मा घरून कुणी आणलाय का, ते आधी बघ.

तुझी,
सिस्टर