वाचक विचारतात: दुसऱ्यांचं जुळवणारीचं स्वतःचं काहून नाही जमलं?

प्रश्न: ताई, नातू शाळेतून ग्रीक देवांच्या गोष्टींचं पुस्तक आणतो आणि मला वाचून दाखवतो. त्यात अ‍ॅफ्रोडाइटी म्हणून प्रेमाची देवी आहे. नवरा लंगडा लोहार, त्याच्याशी पटत नाही. ज्याच्यावर जीव लावला तो डुकरानं मारला. साऱ्या जगाचं जुळवणारीचं स्वतःचं काहून नाही जमलं? आणि ही म्हणजे आपली रतीच का?
– एक आजी, मानेवाडा, नागपूर

उत्तर: आजी, तुमचा ‘काहून’ मी तसाच ठेवलाय. ‘का’ म्हटलं की प्रश्नातला जीवच जातो.

आधी लोहाराचं पाहू. ही गोष्ट ग्रीक कवी होमरच्या ओडिसी या महाकाव्यात एक आंधळा गवई भर मेजवानीत गाऊन सांगतो. नवरा हेफेस्टस, म्हणजे देवांचा लोहार. युद्धदेव एरिसशी बायकोचं सूत असल्याची चहाडी सूर्य त्याच्याकडे करतो. तो कोळ्याच्या जाळ्यासारखं बारीक, डोळ्यांना न दिसणारं जाळं घडवून पलंगावर टांगतो. दोघं अडकतात. देव बघायला जमतात आणि खो-खो हसतात, देव्या मात्र लाजेनं घरीच थांबतात. मला आवडतो तो यापुढचा भाग. सुटका झाल्यावर ही बाई रडत नाही की माफी मागत नाही. सरळ सायप्रस बेटावर पाफोसला, आपल्या देवळात जाते. तिथं तिला न्हाऊमाखू घालतात, तेल लावतात. माहेरीच गेली म्हणा ना! आणि गंमत अशी, की जिच्या मूर्तींनी पुढं संग्रहालयं भरली, तिला पाफोसच्या देवळात मूर्तीच नव्हती. उभा, वर निमुळता होत गेलेला दगड पुजत. आपल्याकडे शेताच्या बांधावर शेंदूर फासलेला दगड पाहून हसणाऱ्यांना हे जरूर सांगावं.

आता तुमचा ‘काहून’. देवीच्या एका जुन्या स्तोत्रात याचं उत्तर आहे. अथीना, आर्टेमिस आणि हेस्टिया, या तिघी देव्या सोडल्या तर तिच्या तडाख्यातून कोणी सुटत नसे, खुद्द देवांचा राजा झ्यूससुद्धा नाही. देवांना माणसांच्या मागे लावायचं आणि वर हसायचं, असा तिचा खाक्या. मग झ्यूसनं ठरवलं, हिलाही कळू दे. इडा डोंगरावर गुरं राखणाऱ्या अँकायसिस नावाच्या माणसावर तिचं मन जडवलं. त्यानंतर ती लाजते. त्याला अमर करून सोबत का नेत नाही, तेही सांगते. उषादेवीनं आपल्या प्रियकरासाठी, टिथोनससाठी अमरपण मागितलं, तारुण्य मागायला विसरली. तो म्हातारा होत होत हातपाय हलवेना, मग तिनं त्याला खोलीत बंद केलं. आत नुसता आवाज तेवढा चालू राहिला. म्हणजे आजी, दोष तिच्या प्रेमात नाही. ती मरत नाही आणि तो मरतो, तिथं सारं अडतं.

डुकरानं मारला तो अडोनिस, त्याचंही तेच. लहानपणी पेटीत घालून तिनं त्याला पाताळाच्या राणीकडे, पर्सेफोनीकडे सांभाळायला दिलं. पर्सेफोनीनं झाकण उघडून पाहिलं आणि परत द्यायलाच तयार होईना. झ्यूसनं वर्षाचे तीन वाटे केले. एक पर्सेफोनीचा, एक अ‍ॅफ्रोडाइटीचा, एक अडोनिसचा स्वतःचा. त्यानं आपलाही वाटा अ‍ॅफ्रोडाइटीला देऊन टाकला. पुढं शिकारीत रानडुकरानं फाडला.

अथेन्सच्या बायका दर वर्षी त्याचं सुतक पाळायच्या. फुटक्या मडक्यांत माती घालून सलाडचा पाला, बडीशेप पेरायची, मडकी गच्चीवर उन्हात ठेवायची. रोपं भराभर वर येत आणि तितक्याच भराभर माना टाकत. मग छातीवर हात मारून रडायचं. मी गेल्या मे महिन्यात हे करून पाहिलं. कड फुटलेला माठ अंगणात पडलाच होता, तो गच्चीवर नेला. मेथी आणि बडीशेप टाकली, कूलरच्या टाकीत भरताना उरलेलं पाणी घालत गेले. बडीशेपेनं तोंडच दाखवलं नाही. मेथी मात्र तिसऱ्या दिवशी दोन-दोन पानं घेऊन उभी! हे वर आले आणि म्हणाले, “मे महिन्यात घट बसवले काय?” आठवड्याच्या आत देठ दोऱ्यासारखे आडवे, स्लॅबच्या धगीनं माती कडांपासून सुटलेली. आपल्या घटातलं धान पिवळं असलं तरी दसऱ्याला कौतुकानं टोपीत खोचतो. तिथं मात्र सुकण्यासाठीच पेरणी. तत्त्वज्ञ प्लेटोला हे रिकामपणाचं वाटे; शहाणा शेतकरी बियाणं असं वाया घालवेल का, असं तो विचारतो. इ.स.पू. ४१५ मध्ये अथेन्सच्या सभेत सिसिलीवर आरमार धाडायचं ठरत होतं, तेव्हा गच्चीवर एक बाई ‘हाय अडोनिस’ करत होती, अशी तक्रार ॲरिस्टोफनीसच्या नाटकात एक अंमलदार करतो. दोन वर्षांत ते आरमार बुडालं.

रती? नाही. रती मदनाची बायको. मदन जळाल्यावरचा तिचा विलाप कालिदासानं कुमारसंभवाच्या चौथ्या सर्गात मांडलाय. अडोनिसवरच्या शोकाशेजारी ठेवून वाचा, रामटेकला जाल तेव्हा तर नक्कीच. पण रतीकडे दर्यावर्दी शांत समुद्र मागत नाहीत. अ‍ॅफ्रोडाइटीकडे मागत. ती समुद्राच्या फेसातून आली, असं कवी हेसिअड सांगतो. होमर म्हणतो झ्यूस आणि डायोनीची मुलगी. दोन्ही चालत. आपल्याकडे गणपतीच्या जन्माच्या किती कथा आहेत?

प्रश्न: व्हीनस आणि ही एकच का? – एक विद्यार्थी, धरमपेठ

उत्तर: रोमनांनी आपल्या व्हीनसला हिच्या गोष्टी चढवल्या. वरच्या गुराख्यापासून तिला झालेला मुलगा इनियस इटलीत पोचला आणि ज्युलियस सीझरचं घराणं त्याचा वंश सांगू लागलं. सीझरनं इ.स.पू. ४६ मध्ये रोममध्ये ‘आई व्हीनस’चं देऊळ अर्पण केलं. लंगड्या लोहाराच्या नावानं मात्र वंश सांगायला त्या घराण्यात कोणी पुढं आलं नाही.