सेक्सला पण लिंग, जेंडरला पण लिंग, मग भांडण कशावरून?

प्रश्न असा आलाय की ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाच्या एप्रिल २०२५ च्या निकालावरचा लेख मराठीत करतेय, तर सेक्स आणि जेंडर दोन्हीला 'लिंग' लिहिलं तर चालेल का, आणि ट्रान्स वुमनला (जन्मताना मुलगा ठरवलेली, पण स्वतःला स्त्री मानणारी) 'तृतीयपंथी' म्हणू का.

दोन्ही नको.

आधी लिंग. 'फॉर विमेन स्कॉटलंड' हा बायकांचा गट स्कॉटलंडच्या सरकारविरुद्ध कोर्टात गेला, वाद सुरू झाला सरकारी मंडळांवर निम्म्या बायका असाव्यात या कायद्यावरून, की त्या निम्म्यात कोणाला मोजायचं. पाचही न्यायाधीश एकमताने म्हणाले की २०१० च्या समानता कायद्यापुरतं 'स्त्री' म्हणजे शरीराने स्त्री, जेंडर बदलल्याचं सर्टिफिकेट असलं तरी. (ट्रान्स लोकांना भेदभावापासूनचं संरक्षण वेगळ्या कलमाखाली आहेच, हेही त्यांनी म्हटलंय, लेखात ते गाळू नका.) आता हे सगळं एकाच शब्दात लिहून बघा, 'कायद्यात लिंग म्हणजे लिंग, लिंग नव्हे' असलं काहीतरी होईल आणि वाचणारा म्हणेल चहा घेऊन ये बाई आधी.

संस्कृतात लिंग म्हणजे मुळात खूण. डोंगरावर धूर दिसला म्हणजे आग असणार, तर न्यायशास्त्रात धूर हे लिंग. म्हणून शरीराच्या खुणेवरून ठरतं त्या सेक्सला 'लिंग' किंवा 'जैविक लिंग' फिट बसतं. जेंडरला आपल्याकडे स्त्री अभ्यासवाल्यांनी 'लिंगभाव' रुळवला, म्हणजे समाजाने शिकवलेलं बाईपण-पुरुषपण, मुलीने पाय पसरून बसू नये, मुलाने रडू नये वगैरे. पण खरी गंमत पुढेच आहे, जेंडर आयडेंटिटी म्हणताना तोच जेंडर बाहेरून लादलेला राहत नाही, आतून जाणवणारा होतो. आणि स्त्रीवाद्यांचं आपसातलं भांडण नेमकं इथंच आहे, एक बाजू म्हणते जे जोखड आम्ही उतरवायला निघालो तीच ओळख कशी मानायची, दुसरी म्हणते बाई म्हणजे तिचं शरीर ह्याच्याशीच तर आपण इतकी वर्षं भांडलो. मराठीचं नशीब असं की 'भाव' दोन्हीकडे चालतो, बंधुभावातला -पणा पण आणि मनातला भाव पण! म्हणून मी 'लिंगभाव ओळख' लिहीन, 'लिंगओळख' नाही.

तृतीयपंथी हा आपल्या इथला शब्द आहे, त्यात हिजडा, जोगता अशा परंपरा, गुरू-चेला, घराणं हे सगळं येतं, मतदारयादीच्या बातम्यांतही हाच असतो. पण लंडनमधली ट्रान्स वुमन म्हणतेय मी स्त्री आहे, आणि तुम्ही तिला तिसऱ्या पंथात नेऊन बसवताय. आपल्या सुप्रीम कोर्टाने २०१४ च्या नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याच्या निकालात पण पुरुष, स्त्री किंवा तिसरं, जे स्वतःला वाटतं ते, असंच म्हटलं होतं, म्हणजे ट्रान्स आणि तिसरं एकच नाही. शिवाय तृतीयपंथी म्हटलं की ट्रान्स पुरुष कोणाच्या डोळ्यासमोरच येत नाहीत. 'पारलिंगी स्त्री' लिहा, नाहीतर सरळ 'ट्रान्स स्त्री', कळतं लोकांना. ज्याचं विधान असेल त्याचा शब्द मात्र त्याच्याच तोंडी ठेवा, एखादी बाई 'जैविक पुरुष' म्हणाली असेल तर अवतरणात तेच, तुमच्या वाक्यात नको.

आणि तुम्ही विचारलं नाहीत पण अडणार आहातच ते म्हणजे क्रियापद. इंग्रजीत सगळी मारामारी 'ही' (he) आणि 'शी' (she) वर, आपल्याकडे 'मी' म्हटलं तरी सुटका नाही, गेलो का गेले? ही-शी दोन्ही नको असलेले स्वतःला 'दे' (they) म्हणवतात, त्या 'दे' ला 'ते' करायला जाल तर एकट्या माणसाला ते आले म्हणजे सासरे आल्यासारखं वाटतं. (कोल्हापूरकडच्या मुली बिनधास्त 'मी जातो, मी आलो' म्हणतात, त्यांना हा प्रश्नच नाही.) मुलाखतीतला माणूस स्वतःला जे म्हणवतो तेच रूप घ्या. माहीतच नसेल तर वाक्य फिरवा, 'मी डॉक्टरकडे गेले' च्या जागी 'मी डॉक्टरला दाखवलं', भविष्यकाळात तर 'मी जाईन' सगळ्यांना सारखंच.