जाहिरात एजन्सी धंद्याला नेमकी काय मदत करते आणि चांगली एजन्सी कशी शोधायची?

प्रश्नाचा दुसरा भाग आधी घेतो, कारण आमचे हात तिथेच पोळलेत.

आम्ही दोघे भाऊ ऑफिसच्या खुर्च्या बनवतो. कारखाना मी बघतो, हिशोब आणि बाहेरचे व्यवहार दादा. एजन्सी दादानेच आणली, तीही एक प्रेझेंटेशन बघून. चौघे आले होते. त्यांचा क्रिएटिव्ह डायरेक्टर असा काही बोलला की आपण खुर्च्या नाही, काहीतरी थोर बनवतो असं मलाही तासभर वाटलं. करारावर सही झाली आणि तो गृहस्थ पुन्हा दिसला नाही. आमचं काम गेलं नुकतीच नोकरीला लागलेल्या एका मुलीकडे, जिच्या डोक्यावर आधीच ढीगभर क्लायंट होते. त्यामुळे काम मिळवायच्या प्रेझेंटेशनला कोण आलंय याने भारावू नका. रोज तुमचं काम कोण करणार ते विचारा आणि त्याच माणसाशी बोला.

दर महिन्याला रिपोर्ट यायचा. रंगीत आलेख, इम्प्रेशन्स (जाहिरात किती वेळा दिसली), क्लिक्स, शेवटी चौकश्यांचा चढता आकडा. दादा खूश. पण गाड्या मी भरतो. माल जात होता तेवढाच जात होता. शेवटी मी जाहिरातींच्या खात्याचं लॉगिन मागितलं (ते मिळायलाच पंधरा दिवस गेले) आणि पैसे कोणत्या शब्दांवर जातायत ते पाहिलं. निम्म्याहून जास्त खर्च आमच्याच नावावर! जो माणूस गूगलवर आमच्या कंपनीचं नाव टाइप करतोय, त्याला आमची जाहिरात दाखवायची, त्याच्या क्लिकचे पैसे आमच्याकडून घ्यायचे आणि वर रिपोर्टात 'जाहिरातीतून आलेली चौकशी' म्हणून मिरवायचं. दारात उभ्या असलेल्या पाहुण्याला आत आणल्याची दलाली झाली ही.

दादा म्हणाला, आपण नाही लावली तर दुसरा कोणी आपल्या नावावर लावेल. मी हट्टाने तीन आठवडे तेवढ्याच जाहिराती बंद करायला लावल्या. फोनशेजारी वही ठेवली आणि येणाऱ्या प्रत्येकाला 'आमचं नाव कुठे कळलं' हे विचारून लिहीत गेलो. चौकश्या घटल्या नाहीत. लोक खालच्या फुकटच्या लिंकवरून येत राहिले. दादाचं म्हणणं, तीन आठवड्यांत काय कळतं? मग मी त्याला ईबे या ऑनलाइन बाजाराचं उदाहरण दिलं. त्यांनी २०१२ मध्ये हाच प्रयोग केला होता आणि जाहिरातीवरून येणारे जवळजवळ सगळे लोक नेहमीच्या निकालांतून तसेच आले. त्यावरचा शोधनिबंध २०१५ मध्ये 'इकॉनोमेट्रिका' या अर्थशास्त्राच्या नियतकालिकात छापून आलाय. दादाचं उत्तर: "ते मोठे लोक."

खरी चूक करारात होती. एजन्सीचं मानधन आमच्या खर्चाच्या टक्क्यांवर ठरलेलं. ही रीत जुनीच आहे. एजन्सीवाले मुळात वर्तमानपत्रातल्या जागेचे दलाल, आणि माध्यमांकडून मिळणारं १५ टक्के कमिशन ही त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची कमाई. (बिलात १७.६५ टक्के असा विचित्र आकडा दिसला तर तेच कमिशन आहे, कमिशन वजा करून उरलेल्या रकमेवर चढवलेलं: ८५ वर १५.) तुम्ही जास्त उधळलं की त्यांना जास्त मिळतं, मग खर्च कमी करा असं ते कशाला सांगतील? ठरावीक फी ठरवा.

सोडताना आणखी एक धडा मिळाला. जाहिरातींचं खातं एजन्सीच्याच नावावर होतं, त्यामुळे दोन वर्षांची सगळी माहिती त्यांच्याकडेच राहिली. खातं स्वतःच्या ईमेलवर उघडा, त्यांना फक्त अ‍ॅक्सेस द्या. डिझाइनच्या ओपन फाइल्स (ज्यांत नंतर बदल करता येतात त्या मूळ फाइल्स) कोणाच्या, हेही आधीच लिहून घ्या.

शोधायची कशी? तुमच्याएवढ्याच धंद्याची एखादी जाहिरात आवडली असेल तर त्या मालकालाच फोन करा. एजन्सीने दिलेले खूश क्लायंट सोडा, सोडून गेलेल्या एकाचं नाव मागा. आधी एखादं छोटं काम द्या, पण पैसे देऊन. फुकट डिझाइन मागणारे क्लायंट मला फुकट नमुने मागणाऱ्यांइतकेच चीड आणतात.

आणि हो, नाव अगदी नवीन असेल किंवा दुसऱ्या कोणाच्या नावाशी मिळतंजुळतं असेल, तर स्वतःच्या नावावर जाहिरात लावण्यात अर्थ आहे. तेवढं दादाचं बरोबर.

मदत काय करते, हे राहिलंच. कॉपी, डिझाइन, मीडिया बुकिंग हे सगळं तुम्हाला माहीत असणार. आमच्यासाठी कामाची गोष्ट एकदाच घडली. ती मुलगी एकदा कारखान्यात आली, अर्धा दिवस बसली आणि जाताना तिने विचारलं, "खुर्च्या परत कोण पाठवतं?" इतक्या वर्षांत आम्ही हे कधी तपासलं नव्हतं. पाहिलं तर बहुतेक तक्रारी कमी उंचीच्या लोकांच्या. आम्ही पाठीच्या आधाराचे गोडवे गात होतो आणि त्यांचे पाय जमिनीला टेकतच नव्हते. त्यावरून तिने जी जाहिरात लिहिली, तिच्यामुळे पहिल्यांदा मला जास्तीची गाडी भरावी लागली. दादा म्हणतो, एजन्सीचं अख्खं बिल त्यात वसूल झालं. मी म्हणतो, ते डोकं एजन्सीचं नव्हे, त्या मुलीचं.

ती आता स्वतंत्र काम करते आणि आमच्या जाहिराती तिच्याकडेच आहेत. तिला शोधून काढलं दादाने.