पीसीएलच्या फिल्मवर पेशी चिकटत नाहीत, प्लाझ्मा करू की सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये बुडवू?

तुम्ही लिहिलंय की पीसीएलच्या (पॉलीकॅप्रोलॅक्टोन, शरीरात हळूहळू विरघळणारं एक पॉलिस्टर) फिल्मवर फायब्रोब्लास्ट (जोडऊतकातल्या पेशी) टाकले की दुसऱ्या दिवशी गोल होऊन सुटून येतात आणि शेजारच्या कल्चर प्लेटमध्ये तेच मस्त पसरतात. आता ती प्लेट पण साधं पॉलिस्टायरीन नसतं हो, कंपनीतूनच प्लाझ्मा (विजेने चार्ज केलेला वायू) वगैरे मारून आलेलं असतं, म्हणजे तुमची कोरी फिल्म ट्रीट केलेल्या प्लास्टिकशी स्पर्धा करतेय.

मुळात पेशीचा पीसीएलशी थेट संबंध फारसा येतच नाही. मीडिया (पेशी वाढवायचं पोषक द्रव) ओतला की त्यातल्या सीरममधली प्रोटीन्स आधी जाऊन बसतात आणि पेशी त्या थरावर उतरते. तिचे इंटिग्रिन (पृष्ठभाग धरायची तिची प्रोटीन्स) शोधत असतात फायब्रोनेक्टिन, व्हिट्रोनेक्टिन या चिकटायला मदत करणाऱ्या प्रोटीन्समधला आरजीडी हा तीन अमिनो आम्लांचा तुकडा (हे १९८४ पासून माहितीय). पाणी झटकणाऱ्या पृष्ठभागावर प्रोटीन बसतं भरपूर, पण अल्ब्युमिन जागा अडवतं आणि जे फायब्रोनेक्टिन बसतं त्याचा आकार बिघडून तो तुकडा नीट मिळत नाही, मग पेशी धरणार कशाला? म्हणून ट्रीटमेंट करायची ती योग्य प्रोटीन योग्य आकारात बसावं यासाठी. काँटॅक्ट अँगल (पाण्याचा थेंब पृष्ठभागाशी करतो तो कोन, जितका कमी तितका पृष्ठभाग पाणी ओढणारा) शून्याकडे नेला म्हणून खूश होण्यात अर्थ नाही, साधारण ४० ते ७० अंशांच्या मधे बऱ्याच पेशी खूश असतात.

सोडियम हायड्रॉक्साइड पृष्ठभागावरचे एस्टर बंध तोडतं, कार्बॉक्सिल आणि हायड्रॉक्सिल गट उघडे पडतात, थोडा खडबडीतपणाही येतो. फिल्मला हे बेस्ट, मशीन लागत नाही, फक्त नंतर धुण्याचं पाणी न्यूट्रल होईपर्यंत धुवा. नॅनोफायबर असतील तर मात्र जपून, बारीक तंतू खाल्ले जातात आणि जाळी हातात तुटते. प्लाझ्मा काही मिनिटांत होतो आणि वरच्या काही नॅनोमीटरपुरताच काम करतो, पण पीसीएलचं ग्लास ट्रान्झिशन (ज्या तापमानाखाली साखळ्या गोठल्यासारख्या होतात ते) उणे ६० अंशांच्या आसपास, म्हणजे रूम टेंपरेचरला साखळ्या आरामात हलतात आणि नवे गट हळूहळू आत वळतात. त्यामुळे आज प्लाझ्मा करून पुढच्या आठवड्यात पेशी टाकायच्या हा प्लॅन सोडा, त्याच दिवशी वापरा. पॉलिडोपामिन कोटिंगही चालतं (पीएच ८.५ ला), पण फिल्म तपकिरी होते आणि एमटीटीसारख्या (जिवंत पेशी मोजायच्या) रंगावर वाचायच्या टेस्टमध्ये घोळ होऊ शकतो, तेव्हा पेशी न टाकलेली कोटेड फिल्म कंट्रोलला ठेवाच.

निर्जंतुक करायला ऑटोक्लेव्ह (दाबाखालची गरम वाफ) अजिबात नको, फिल्म ६० अंशांलाच वितळते. ७० टक्के इथेनॉल, मग पीबीएसने (फॉस्फेटचं मीठपाणी) धुणं आणि मधे सुकू न देणं, एवढं पुरतं.

आणि हे सगळं करायच्या आधी एक बघा, फिल्म क्लोरोफॉर्ममध्ये कास्ट केलीय का (म्हणजे पीसीएल त्यात विरघळवून ओतून सुकवलीय का)? तसं असेल तर फिल्म एक दिवस मीडियात भिजवून तोच मीडिया साध्या प्लेटमधल्या पेशींवर टाका. तिथेही मेल्या तर आत सॉल्व्हंट उरलाय असं धरून चाला, व्हॅक्यूममध्ये नीट सुकवा आणि परत तीच टेस्ट लावा, तोपर्यंत प्लाझ्माचा स्लॉट बुक करू नका.